वल्कलांवांचून चित्र अपुरें

दिवाळी सरून थंडी पडूं लागली कीं आमच्या बिद्रीस उंसाचा हंगाम सुरू होतो. कोल्हापुराहून गारगोटीस जाणाऱ्या रस्त्यावर दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याकडे निघालेलीं वाहनें रात्रंदिवस खोळंबून उभीं असतात. ट्रॅक्टर, त्याच्यामागें दोन ट्रॉल्या, मध्येंच कोठें एखादी बैलगाडी, असा तो लांबलचक तांडा असतो. सेवानिवृत्त शिक्षकाला ओटीवर बसून ही रांग पाहण्यावांचून दुसरा उद्योग तो काय असणार? ट्रॉल्यांच्या मागच्या फाळक्यांवर काय काय रंगविलेलें असतें, याचा आमचा अभ्यास त्यामुळें चांगलाच वाढला आहे. कोठें शिवछत्रपति, कोठें आदमापूरचे संत बाळूमामा, तर कोठें एखादा चित्रपटांतील नट डोळ्यांवर काळा चष्मा लावून मागच्या गाडीवानाकडे रोखून पाहत असलेला.

गेल्या पौषांतील गोष्ट. संध्याकाळीं अशीच एक ट्रॉली आमच्या दारासमोर थांबली. तिच्या फाळक्यावर एका नामांकित नटाचा भला मोठा चेहरा होता. मागें उभ्या असलेल्या बैलगाडीशेजारीं बीडकडून ऊंसतोडीस आलेली एक बाई तीन दगडांची चूल मांडून भाकरी थापीत होती. जाळाचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता, तसाच तो वरच्या नटाच्या तोंडावरहि पडला होता. आमची नात इयत्ता आठवींत शिकते. ती म्हणाली, “आजोबा, या दोघांचें मिळून एक चित्र काढूं का?” नेहमींच्या संवयीनें आम्ही म्हणणार होतों, ‘नटांचीं चित्रें कसलीं काढतेस?’ पण शब्द ओठांवरच राहिले. कारण तीस वर्षांपूर्वीं हेंच वाक्य आम्हीं दुसऱ्या एका मुलाला ऐकविलें होतें, आणि त्याचें शल्य अद्याप गेलेलें नाहीं.

1994 सालची ती हकीकत वाचकांस सांगणें प्राप्त आहे. शाहरुख खान या नटाचा ‘बाजीगर’ हा चित्रपट तेव्हां नुकताच गाजला होता. सुभाषितांचा तास चालला असतां शेवटच्या बांकावरील एक मुलगा मान खालीं घालून कांहीं करीत होता. वही घेऊन पाहतों तों पानभर त्या नटाचा चेहरा! चेहऱ्याच्या खालीं आमच्या वर्गांतला पाण्याचा माठ, त्यावर उपडें घातलेलें पितळेचें भांडें आणि दाराशीं घंटा वाजविणारा शिपाई, हींहि हुबेहूब काढलेलीं. आम्हीं नटाचा चेहरा तेवढा पाहिला. माठ पाहिला नाहीं. पान फाडून त्याचे चार तुकडे केले आणि मुलास तास संपेपर्यंत उभें केलें. चित्र चांगलें कीं वाईट, हा विचार आमच्या मनांत आलाच नाहीं. नट म्हणजे छचोरपणा, एवढेंच आम्हांस ठाऊक.

पुढें पुष्कळ वर्षांनीं आम्हांस कळलें कीं, त्याच 1994 सालीं मुंबईंत अतुल दोडिया नांवाचे चित्रकार नेमका हाच उद्योग मोठ्या कापडावर करीत होते. ‘बॉम्बे बकनीयर’ या चित्रांत त्यांनीं ‘बाजीगर’च्या जाहिरातींतील नटाच्या आविर्भावांत स्वतःलाच रंगविलें आहे, आणि काळ्या चष्म्याच्या दोन कांचांत भूपेन खख्खर व डेव्हिड हॉकनी या दोन चित्रकारांच्या प्रतिमा दाखविल्या आहेत. गाजलेला नट, मुंबईचा एक मध्यमवर्गीय गृहस्थ आणि त्याला आदरणीय वाटणारे चित्रकार, असे सगळे एका चौकटींत! मुंबईच्या चित्रकाराची वाहवा झाली. आमच्या वर्गांतील मुलाचें पान फाटलें.

प्रसिद्ध माणसाला आणि रोजच्या संसाराला एकाच चित्रांत शेजारीं शेजारीं बसवावें कीं नाहीं? हा प्रश्न चित्रपटांबरोबर जन्मास आला, अशी पुष्कळांची समजूत आहे. वास्तविक तो कालिदासाइतका तरी जुना आहे. शाकुंतलाच्या सहाव्या अंकांतील प्रसंग वाचकांस स्मरत असेल. दुष्यंतानें शकुंतलेचें चित्र स्वहस्तें काढलें आहे. तें इतकें साधलें आहे कीं, अदृश्य राहून पाहणाऱ्या सानुमतीलाहि ती समोर उभी असल्याचा भास होतो. तरीहि राजाचें समाधान नाहीं. अजून काढावयाचें राहिलें आहे, असें तो म्हणतो. काय राहिलें? मालिनी नदी आणि तिच्या वाळूंतील हंसांचीं जोडपीं. हिमालयाच्या पायथ्याशीं बसलेलीं हरणें. फांद्यांवर वल्कलें वाळत घातलेला एक वृक्ष, आणि त्याच्या खालीं काळविटाच्या शिंगावर डोळा घांसणारी हरिणी. विदूषकाला याची थट्टा सुचते. आतां हा लांब दाढीच्या तापसांनीं सारा फलक भरून टाकणार, असें तो पुटपुटतो.

हा अंक आम्हीं कितीदां तरी वाचला आणि मुलांस सांगितला. अलंकार उलगडून दाखविले, समास सोडविले. पण राजाला वाळत घातलेलीं वल्कलें कशाला हवीं होतीं, हें आम्हीं कधीं स्वतःस विचारलें नाहीं. पांचव्या अंकांत हाच चेहरा दरबारांत त्याच्यासमोर उभा होता आणि त्याला तो ओळखतां आला नाहीं. शापाचें कारण आम्हांस ठाऊक आहे. तरीहि असें वाटतें कीं, आश्रमापासून तोडून दरबारांत आणलेला चेहरा हा नुसता चेहरा होता. पश्चात्ताप पावलेल्या राजाला जी शकुंतला हवी होती, ती नदी, हरणें आणि ओलीं वल्कलें यांच्यासकटची. नजर चेहऱ्यावर खिळते. ओळख मात्र भोंवतालच्या संसारावरून पटते. ही एवढी किल्ली हातीं आल्यावर आजच्या चित्रकारांचीं कित्येक चित्रें आम्हांस उलगडूं लागलीं.

प्रथम घरच्या भिंतीपासून आरंभ करूं. राजा रविवर्मा यांनीं 1894 सालीं मुंबईंत छापखाना काढला आणि देवादिकांचीं रंगीत चित्रें घरोघर पोंचलीं. पूर्वीं राजवाड्यांत व देवळांत राहणाऱ्या लक्ष्मी-सरस्वती आमच्या माजघरांत आल्या, त्या आमच्याच घरच्या बायकांसारखें वस्त्र नेसून. म्हणूनच त्या परक्या वाटल्या नाहींत. त्यांच्या शेजारीं लोकमान्य टिळकांची तसबीर आली, मग आजोबांचा फोटो आला. देवी, लोकनायक आणि घरचा वडीलधारा माणूस एका खिळ्यांच्या रांगेंत टांगण्याची ही रीत आपण कोणाकडून शिकलों नाहीं. नव्या चित्रकारांनीं या भिंतीलाच चित्रांत घेतलें, एवढेंच.

आमच्या कोल्हापुरास कलापूर म्हणतात, आणि येथें या विषयाची परंपरा मोठी आहे. शाहू महाराजांच्या आश्रयानें राहिलेले आबालाल रहिमान (निधन 1931) दरबाराचे चित्रकार असूनहि रंकाळ्याच्या परिसरांत रमले. बाबूराव पेंटर (1890–1954) यांनीं आधीं नाटकांचे पडदे रंगविले. मग महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून 1920 सालीं ‘सैरंध्री’ हा पौराणिक चित्रपट काढला. परंतु 1925 सालच्या ‘सावकारी पाश’मध्यें त्यांनीं कर्जांत बुडालेला शेतकरी आणि त्याची झोंपडी पडद्यावर आणली. देवदेवतांना जो उजेड दिला, तोच त्यांनीं झोंपडीला दिला. पुढें जी. कांबळे यांनीं ‘मुघल-ए-आझम’ (1960) या चित्रपटाचे भव्य फलक रंगविले. रस्त्यानें जाणारा हमाल व टांगेवाला मान वर करून पाहीत, आणि शहेनशहा त्यांच्या डोक्यावर उभा असे. उलट चंद्रकांत मांढरे हे स्वतःच नांवाजलेले नट. पण हातांत कुंचला आला कीं त्यांना रानें, झाडें, पाणी हींच आठवत. राजारामपुरींतील त्यांचें घर आज त्यांच्या चित्रांचें संग्रहालय झालें आहे. ज्याचा चेहरा लाखों लोकांनीं पाहिला, त्यानें स्वतः मात्र डोळे भरून साधीं झाडें पाहिलीं, हें आमच्या मुलांस कोणीतरी सांगावयास हवें.

मकबूल फिदा हुसेन (1915–2011) यांचा जन्म पंढरपूरचा. तरुणपणीं मुंबईंत परांचीवर चढून त्यांनीं सिनेमाचे फलक रंगविले. 1955 सालच्या ‘जमीन’ या त्यांच्या चित्रांत खेड्यांतील संसार आहे. उतारवयांत माधुरी दीक्षित या नटीनें त्यांना इतकें भारून टाकलें कीं, तिचीं चित्रें तर त्यांनीं काढलींच, शिवाय 2000 सालीं तिला घेऊन ‘गजगामिनी’ हा चित्रपटहि काढला. त्या वेळीं अनेकांनीं नाकें मुरडलीं. त्यांत आम्हीहि होतों. परंतु याच हुसेन यांनीं मदर तेरेसा यांचीं जीं चित्रें काढलीं, त्यांत चेहरा मुळींच काढलेला नाहीं! निळ्या कांठाची पांढरी साडी, तिच्या आंत काळोख, आणि मांडीवर एखादें मूल. तरीहि पाहणारा क्षणांत ओळखतो. जगांतील अत्यंत प्रसिद्ध चेहरा वगळून चित्रकारानें फक्त रोज धुवून वाळत घालावयाची साडी ठेवली, आणि तेवढ्यानें ओळख पटली. दुष्यंताची वल्कलें यांहून वेगळीं कोणतीं?

परदेशांतहि हा विचार झाला, पण तेथें त्याला निराळें वळण लागलें. 1962 सालीं अमेरिकेंत अँडी वॉरहॉल यांनीं बाजारांत मिळणाऱ्या सूपच्या डब्यांचीं 32 चित्रें मांडलीं. त्याच वर्षीं मेरिलिन मन्रो ही नटी वारली, तेव्हां तिचा चेहरा त्यांनीं एकाच कृतींत 50 वेळां छापला. एका अंगास भडक रंग, दुसऱ्या अंगास नुसता काळा-पांढरा, कोठें काजळून गेलेला, कोठें पुसट. डबा आणि नटी यांना त्यांनीं एकच न्याय लावला. प्रसिद्धि ही जिवंत माणसाचा डबा करते, हें त्यांनीं एकहि शब्द न उच्चारतां दाखविलें. आपल्या चौकाचौकांतील फलकांवर वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे तेच ते हंसरे चेहरे पाहिले कीं, आम्हांस त्या पुसट होत गेलेल्या चेहऱ्यांची आठवण होते.

दोडिया यांच्याकडे पुन्हा वळूं. 2020 ते 2022 या काळांत त्यांनीं जुन्या हिंदी चित्रपटांतील दृश्यांवरून एक चित्रमाला रंगविली. तिच्या नांवांत एक डॉ. बॅनर्जी आहेत आणि एक डॉ. कुलकर्णी यांचें शुश्रूषागृह आहे. हे दोघे ‘आनंद’ (1971) या चित्रपटांतील, आणि त्यांतील कुलकर्णी म्हणजे आपले रमेश देव. परंतु गृहस्थाश्रमी वाचकांनीं विशेष लक्षांत घ्यावें, असें त्यांचें चित्र ‘महालक्ष्मी’ हें होय. तें 2002 सालचें आहे. दुकानाला असतें तसलें लोखंडी शटर, आणि त्यावर लोकप्रिय छापील चित्रांतली महालक्ष्मी. हात जोडावेत असेंच तें रूप. शटर वर सरकविलें कीं आंत दिसतात, हुंड्याच्या काळजीनें गळफास घेतलेल्या तीन बहिणी. कानपूरला तसें खरोखर घडलें होतें.

हें वर्णन वाचून प्रथम आम्हांस राग आला. देवीच्या आड असलें कांहीं दाखवावें काय? मग मनांत आलें, देवीच्या आड तें चित्रकारानें ठेवलें, कीं आपण? लक्ष्मीपूजन करणाऱ्या कित्येक घरांत मुलगी पाहतांना देण्याघेण्याची यादी कागदावर उतरलेली आम्हीं स्वतः पाहिली आहे. वंद्य चेहरा आणि घरांतलें रोजचें वागणें यांमध्यें एक लोखंडी पडदा आपण ओढून घेतलेला असतो. चित्रकारानें तो फक्त वर केला.

येथें एक शंका कोणी काढील, आणि ती रास्त आहे. प्रसिद्ध चेहऱ्याच्या पायाशीं गरीब बाई बसविली, तर ती शोभेची वस्तु होणार नाहीं काय? होते, पुष्कळदां होते. म्हणून ज्यांनीं प्रसिद्ध चेहरा बाजूस ठेवून सामान्य माणसालाच मुख्य जागा दिली, त्यांचीं चित्रें आवर्जून पाहावींत. भूपेन खख्खर (1934–2003) हे बडोद्यास हिशेबनिसाचें काम करीत आणि घड्याळ दुरुस्त करणारा, शिंपी, न्हावी यांचीं चित्रें काढीत. सुधीर पटवर्धन हे 1949 सालीं पुण्यास जन्मलेले. ठाण्यास क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून त्यांनीं अनेक वर्षें व्यवसाय केला. माणसांचीं हाडें पाहण्याचें ज्यांचें काम, त्यांनीं ‘इराणी रेस्टॉरंट’ (1977), ‘लोअर परळ’ (2001) अशा चित्रांत गिरणगांवांतलीं आणि रस्त्यावरचीं माणसें धीरानें, कोणाचीहि कींव न करतां रंगविलीं. कसोटी सोपी आहे. चित्रांतील सामान्य माणसाला त्याचें स्वतःचें वजन आहे कीं नाहीं? प्रसिद्ध चेहरा पुसून टाकला, तरी तो माणूस तेथें उभा राहील काय? राहत असेल तर चित्र खरें. आमच्या भागांतील बाळूमामांच्या तसबिरींत बहुधा मेंढरें असतात. तीं काढून टाका, आणि पाहा काय उरतें तें.

आतां आमच्या घरची गोष्ट सांगून हा लेख पुरा करतों. आमची आई वारली, तेव्हां तिचा स्वतंत्र फोटो घरांत नव्हता. एका मुंजीच्या वेळच्या फोटोवरून शहरांतील एका छायाचित्रकारानें तिचा चेहरा मोठा करून दिला. मूळ फोटोंत तिच्या कडेवर कळशी होती, पदर खोंचलेला होता, मागें विहिरीचा रहाट होता. तें सर्व वगळून त्यानें निळी पार्श्वभूमि घातली, आणि आम्हीं ती सुधारणा समजून आनंदानें पैसे दिले. मूळ फोटो पुढें वाळवीनें खाल्ला. भिंतीवर उरला तो एक कडक चेहरा. मागें एकदां नातीनें विचारलें, “आजोबा, पणजी दिवसभर काय करायची?” आमच्याजवळ दाखवायला कांहीं नव्हतें.

पौषांतील त्या संध्याकाळनंतर आम्हीं वर्गांतल्या त्या मुलाचा पत्ता काढला. तो आतां चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. मधल्या काळांत त्यानें दुकानांच्या पाट्या आणि ट्रॉल्यांचे फाळके रंगविले. फ्लेक्सचे छापील फलक आल्यापासून तें काम आटत गेलें. हल्लीं तो घरांच्या भिंतींना रंग देतो. आईचें चित्र कळशीसकट काढून देशील का, असें आम्हीं विचारलें. त्यानें लगेच होय म्हटलें नाहीं. उलट प्रश्न विचारले. कळशी तांब्याची कीं पितळेची? कोणत्या कडेवर? पदर कोणत्या बाजूस खोंचलेला? आम्हीं ठोकून सांगितलें, उजव्या कडेवर. वडील बहिणीस फोन केला, तेव्हां ती म्हणाली, “अरे, डाव्या. उजवा हात तिचा लहानपणीं मोडला होता. त्या हातानें तिला ओझें कधीं पेललंच नाहीं.” साठी उलटलेल्या मुलाला आपल्या आईचा हात ठाऊक नव्हता! चित्रकारानें विचारलें नसतें, तर तो कधींच कळला नसता.

निघतांना आम्हीं धीर करून त्या फाडलेल्या पानाचा विषय काढला, चुकलें म्हणून सांगितलें. तो थोडा हंसला आणि म्हणाला, “गुरुजी, माठ चांगला जमला होता.”

वाचकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें. घरांतल्या वडीलधाऱ्यांचें चित्र वा फोटो करवून घ्याल, तेव्हां चेहऱ्याबरोबर त्यांचे हात आणि हातांतली वस्तु येऊं द्या. अडकित्ता असो, सुई असो, पंचांग असो. मुलांनीं वहींत नटाचें चित्र काढलें तर पान फाडूं नका. त्याच्या शेजारीं त्यांनीं आणखी काय काढलें आहे, तें पाहा. गांवांत हातानें रंगविणारा कोणी उरला असेल, तर वर्षांतून एक तरी काम त्याला द्या.

आमच्या नातीनें तें चित्र काढलेंच. काढण्यापूर्वीं ती रस्ता ओलांडून त्या बाईजवळ गेली, तिची संमति घेतली आणि तिचें नांव विचारून आली. सकाळीं उठून पाहतों तों रांग पुढें सरकली होती, आणि रस्त्याच्या कडेला काजळलेले तीन दगड राहिले होते. नटाचें नांव तिनें चित्रावर लिहिलें नाहीं. तें सर्वांस ठाऊक आहे, असें तिचें म्हणणें. त्या बाईचें मात्र लिहिलें आहे. आईचें नवें चित्र तयार होऊन आलें, म्हणजे नातीचें हें चित्र त्याच्या शेजारींच टांगावें, असें आम्हीं ठरविलें आहे.